अण्णांची बॅटरीची बस

अण्णा गेल्याचं मला कल्याणच्या शेडमध्ये कळलं, दसऱ्यानंतर आठवड्याने. निरोप आणणाऱ्याला मी नुसतं "बरं" म्हटलं आणि हातातला पाना पुसत राहिलो. रडू यायला हवं होतं. आला तो थकवा. एकच गोष्ट एखाद्याला सांगायची वर्षानुवर्षं टाळावी आणि तो निघूनच जावा, म्हणजे असं होत असावं...

अण्णा आमच्या खासगी बस कंपनीचे वायरमन, मी फिटर. दुसरी मोठी लढाई संपली तरी पेट्रोल रेशनवरच होतं, निम्म्या गाड्या शेडमध्ये उभ्या. अण्णांनी मालकांच्या मागे लागून एका जुन्या बसचं इंजिन उतरवलं आणि बाकांखाली बॅटऱ्या बसवल्या. कल्याण स्टेशन ते शहाड अशी ती चाचणीला धावू लागली. आवाज नाही, धूर नाही. पहिल्याच दिवशी एक म्हातारी चढेचना. "इंजान नाय नं गारी चालते? मना नको रं बाबा!" अण्णा पोट धरून हसले आणि हात धरून तिला पुढच्या बाकावर बसवलं. इतकं खूश मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी मालक भागीदारांना घेऊन त्या बसमधून शहाडला जाणार होते. गाडी पसंत पडली तर तशा आणखी चार निघायच्या होत्या. आदल्या दिवशी वहिनी तापाने फणफणलेल्या, म्हणून अण्णा लवकर घरी निघाले. जाताना म्हणाले, "सदाशिव, संध्याकाळी चार्जिंग लाव हं. विसरू नकोस." विसरलो नव्हतो मी. पण ती खंडेनवमी होती. शेडमधल्या हत्यारांबरोबर चार्जिंगचं यंत्रही आम्ही पूजलं होतं. बटणावर हळदकुंकू, वर झेंडूची माळ. पूजेतल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. बॅटरीत थोडी वीज शिल्लक असेल, शहाड काय हाकेच्या अंतरावर, अशी मी मनाची समजूत घातली. सकाळी अण्णा धापा टाकत आले तेव्हा मालक गाडीत बसलेसुद्धा होते. "चार्ज केलीस ना रे?"

"हो," मी म्हटलं.

नदीच्या अलीकडच्या चढावर बस थांबली ती थांबलीच. भागीदार धोतरं सावरत उतरले. मालकांनी तोंड उघडण्याआधीच अण्णा म्हणाले, "चूक माझी. मी तपासून निघायला हवं होतं." मी मागून गाडी ढकलत होतो. सगळं ऐकलं आणि गप्प राहिलो. प्रयोग बंद झाला, बस भंगारात गेली. अण्णांनी पुढची वर्षं गाड्यांच्या दिव्यांच्या वायरी जोडण्यात घालवली. मला त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही. लाजेने मीच त्यांच्या घरी जाणं सोडलं.

परवा शहाडला त्यांच्या खोलीवर गेलो आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक होतं त्यांना, भाऊजी. त्याच दुपारी शेडमध्ये त्यांनी बटणावरचं कुंकू पाहिलं होतं. जसंच्या तसं."

मी उठू लागलो, तशी त्यांनी खूण करून मला बसवलं.

"दर दसऱ्याला तुमच्या वाटणीचं सोनं काढून ठेवायचे. सदाशिव येईल, म्हणायचे, लाजतोय तो. जुनं टाकू म्हटलं तर टाकू द्यायचे नाहीत."

त्यांनी फळीकडे बोट केलं. आपट्याच्या पानांच्या आठ जुड्या, दोऱ्याने बांधलेल्या. सगळ्यात वरची अजून पुरती वाळलेली नव्हती.