बसमधली शिक्षा

आमच्या आईला मोडलेला नियम दिसला की राहवत नाही. सगळी नोकरी शाळेत मुलांच्या रांगा सरळ करण्यात गेली. ती साताऱ्याहून लखनौला माझ्याकडे आली, की मी तिला बसने नेण्याचं टाळतेच. पण त्या दुपारी आलमबागला एकही रिक्षावाला धड बोलेना आणि समोर गोमती नगरवरून चिनहटला जाणारी बस उभी होती. चढलो.

'महिलाएँ' असं रंगवलेल्या सीटवर एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. खांद्यावर गमछा, पायाशी थैला. आईने वरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. त्यांनी तिकडे पाहिलं आणि नुसतेच कसनुसे हसले. झालं, आईचा पारा चढला.

"पढो ना! लिखा है ना?"

"उठ जाएँगे, अम्माजी," कंडक्टर म्हणाला. पण आई कसली ऐकते!

"नहीं, ऐसा नहीं चलेगा. इन लोगों को शिक्षा मिलनी चाहिए!"

आईला म्हणायची होती सजा. पण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. सगळ्या बसने ऐकलं ते एवढंच, की हा माणूस अडाणी आहे.

ते उठले. हात जोडून म्हणाले, "शिक्षा ही तो नहीं मिली हमको, माताजी. आप बैठिए."

"वही तो!" आई ऐटीत बसत म्हणाली. "बचपन में मिलती, तो आज ऐसे नहीं बैठते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईची लाज वाटली, तिच्या हिंदीची वाटली, आणि मी हिच्याबरोबर नाहीच अशा थाटात खिडकीबाहेर बघत होते, त्याची तर सगळ्यात जास्त. आई मात्र शेजारची जागा थोपटत होती. "ये गं, बस. बघितलंस, कसे उठले!" मी बसले नाही.

गोमती नगर आलं. आई पुढे होऊन उतरली. ते गृहस्थ दाराशीच दांडा धरून उभे होते. आता तरी बोलायला हवं होतं.

"भाईसाहब, माफ कीजिएगा. मराठी में शिक्षा मतलब सजा. अम्मा आपकी पढाई पर कुछ नहीं कह रही थीं."

बोलून टाकल्यावर मला जरा हलकं वाटलं. ते मात्र विचारात पडले.

"अच्छा, सजा," ते हळूच म्हणाले. "बैठने की?"

तेवढ्यात खालून आईचा खणखणीत आवाज आला, "अगं, उतर आता! झाली तेवढी शिक्षा पुरे त्यांना!"

या वेळी तो शब्द त्यांनाही कळला.