जाईचं 'न्हाई'

सिंधुबाई आमच्या शाळेतल्या कंत्राटी विशेष शिक्षिका. धारूरच्या घाटाखालच्या या गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि बाईंचा पगार मनात येईल तेव्हा. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. पण त्यांच्या वर्गातल्या, बोलता न येणाऱ्या जाईला कुणी मुकी म्हटलं, की त्याची खैर नसायची.

साखर कारखान्यानं शाळेला बोलकी पेटी दिली. पैसा सभासदांच्या उसाचा आणि नाव चेअरमनचं, म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार. पेटीला चार बटणं होती. बटण दाबलं की आत भरलेला शब्द वाजायचा. बाईंनी आपल्या आवाजात शब्द भरले, पाणी, भूक, दुखतंय आणि न्हाई, आणि पेटी जाईच्या गळ्यात अडकवली. 'न्हाई' शिकण्यात पोरीचा अख्खा पावसाळा गेला, तोही कोरडाच. मग एकदा बाई तिची वेणी घालायला बसल्या, तर पोरीनं बटण दाबलं. "न्हाई!" बाईंनी आनंदानं वर्गभर गूळ वाटला.

जाईचा बाप बंकट ऊसतोडीला निघाला होता. धाकट्याला सांभाळायला त्याला जाई हवी होती. बाईंनी तिची वसतिगृहात सोय केली आणि त्याच्याशी रोज भांडण मांडलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "निघताना इचारतो तिला. पोरगी सोता न्हाई म्हनली, तर ठिवतो हितंच."

नेमका तो निघायच्या दिवशीच शाळेत चेअरमनचा सत्कार. मुख्याध्यापक सुंदररावांना पेटीतून आभार हवे होते.

"कोनतंबी बटन घ्या सर, 'न्हाई' तेवढं सोडा," बाई म्हणाल्या.

"सत्कारात नाही कशाला पाहिजे? संध्याकाळी भरा परत." आणि 'न्हाई' पुसून त्यांनी त्याच बटणावर स्वतःच्या आवाजात आभार भरले. मला तेव्हाही संताप आला, आजही येतो.

टाळ्या थांबायच्या आत फाटकापाशी ट्रॅक्टर आला. बंकटनं शब्द पाळला. सगळ्यांसमोर वाकून त्यानं विचारलं, "जाई, येतीस का कारखान्यावर?"

जाईनं पंजानं बटण दाबलं.

"साहेबांचे मनःपूर्वक आभार."

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा आभार. मग ती बटणावर बुक्क्याच मारायला लागली. लोक हसले.

"अवो, तिथं 'न्हाई' होतं!" बाई ओरडल्या. "ती न्हाईच म्हनतीय!"

बंकटला कळलं नसेल असं नाही. पण धाकट्याला कोण बघणार?

"ते तुमी म्हनताव, बाई," तो म्हणाला. "पोरगी काय म्हनली ते समद्या गावानं आयकलं."

पेटी शाळेची होती. सुंदररावांनी ती जाईच्या गळ्यातून काढून घेतली, मग बंकटनं तिला उचलून ट्रॉलीत बसवलं.