काचेतला खांब

त्या दुपारी मी आणि माझी बायको जमना नवी ज्वारी पाखडत होतो. पहिली मूठ तिने फडक्यात बांधून आढ्याला टांगली, दर वर्षीसारखी. मी म्हटलं, "यंदा तरी नवी भाकर खा." म्हणाली, "तुमच्या पोटाला आई नाही. माझ्या पोटाला आहे." मग जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

जे वर डोंगरात राहिले आणि जे माझ्यासोबत ट्रकने खाली तळोद्याकडच्या वसाहतीत आले, त्या सगळ्यांना तो खांब ठाऊक आहे. माझ्या सासऱ्याने मेलेल्या बायकोसाठी, म्हणजे जमनाच्या आईसाठी, तिच्या चेहऱ्यासकट सागात कोरलेला. नवं धान्य आधी तिला, मग आपल्याला. धरणाचं पाणी चढलं, पोलीस काठ्या घेऊन दारात आले, तेव्हा आम्ही तो उपटला. ट्रकमध्ये बकऱ्या, कोंबड्या. आईला बकऱ्यांत कसं घालायचं? म्हणून आम्हाला हलवायला आलेल्या सरकारी साहेबाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवली. मान दिला. जीप वसाहतीला आलीच नाही.

इथं नळ आहे, वीज आहे. मी नवी ज्वारी खात राहिलो. जमना रेशनचा गहूच खायची.

गेल्या वर्षी शाळेच्या गुरुजींनी मोबाईलवर शहरातल्या संग्रहालयाचा फोटो दाखवला. काचेत आमचा खांब. डावा कान तुटका. लहानपणी जमनानेच त्याला बकरी बांधून तोडलेला. खाली पाटी: 'कारागीर अज्ञात. भेट मिळालेली वस्तू.' अज्ञात कसा? चार डोंगरांत सासऱ्याचं नाव होतं. आणि काठीखाली कोणी भेट देतं का? आम्ही अर्ज केला, कानाचंही लिहिलं. उत्तर आलं, मालकीचा पुरावा जोडा. पुरावा पाण्याखाली आहे, साहेब. उतरा आणि आणा.

जमनाला माती दिली. दुसऱ्या सकाळी मी नव्या ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या, वाकड्यातिकड्या, आणि तिचं फडकं घेऊन पहिल्या गाडीने शहरात गेलो. काचेपुढे मूठ ओतली, एक भाकर मोडून ठेवली.

पहारेकरी धावत आला. "बाबा, हे काय करता?"

"सासूला जेवू घालतोय. तुमच्याकडे इतकी वर्षं उपाशी आहे."

तो झाडू घेऊन आला, पण झाडलं नाही.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं म्हणायचं. डोंगरातलं पाण्यात गेलं, वसाहतीतल्याला नुसता नंबर आहे. पहिली मूठ जिथं ठेवायची तेच घर, आणि ते यांनी कुलपात ठेवलंय.

दुसरी भाकर मी परत फडक्यात बांधली. खाल्ली नाही. खांब येईपर्यंत जमनाचा रेशनचा गहू आता मी खाईन.