पिपीवर एकच जण

नोएलीन प्रॅट एकसष्ट वर्षांची झाली तरी लोक तिचं वाक्य स्वतःच पुरं करत. ती अडखळत बोले. विशेषतः प, ब, क ही अक्षरं तिच्या ओठांशी येऊन अशी ठाण मांडून बसत की समोरच्याचा जीव कासावीस व्हायचा, आणि मग तो परोपकार करून मोकळा. कॉफी आवडत असताना ती जन्मभर चहा मागत आली, कारण चहा तोंडातून सुटतो. शाळेत म्हणे शहाण्या बाईंनीच शिकवलं होतं: अडलेला शब्द सोडावा, दुसरा घ्यावा. शहाण्यांचे असले सल्ले ऐकून माणसं अर्धं आयुष्य दुसऱ्याच्याच आवडीचं खातात.

तिचा नवरा बॅरी सगळ्यांत मोठा परोपकारी. छत्तीस वर्षं तो तिच्या वतीनं बोलत होता, प्रेमानं, आणि निम्म्या वेळा चुकीचं.

यंदा बॅरीचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि गावच्या बोट क्लबची मासेमारीची स्पर्धा आली. साउंडच्या, म्हणजे तिथल्या लांबलचक खाडीच्या, त्या टोकाला ब्लू कॉड मासा नोएलीनइतका कुणाला सापडत नाही, हे सगळ्या खाडीला ठाऊक. पण बोट कायम बॅरीच्या नावावर उतरे. तिनं अर्ज भरला: बोट पिपी, चालक नोएलीन प्रॅट, सोबत कुणी नाही.

क्लबचा स्पर्धाप्रमुख रॉस अर्ज घेऊन धक्क्यावर आला. नोएलीन तेव्हा बोटीत पालथी पडून नवा रेडिओ बसवत होती. जुना खाऱ्या हवेनं सडला होता. बॅरी वर खुर्चीत बसून हुकूम सोडत होता.

"अगं, माइकचं बटण दाबून बघ ना एकदा, चालतोय का!"

"अँ-अँटेना लावल्याशिवाय दाबलं तर सेट जळेल," ती म्हणाली. लाल तार फ्यूजमधून बॅटरीला, काळी तार थेट, आणि अँटेना छपराच्या सगळ्यांत उंच कोपऱ्यावर. बॅरीनं ती खाली कठड्याला बांधली होती, म्हणून दहा वर्षं पहिल्या टेकडीपलीकडं त्याचं कुणाला ऐकू जात नव्हतं. आणि हा जगाला रेडिओ शिकवणार!

"नोएलीन," रॉस म्हणाला, "राग मानू नकोस. नियम माहीत आहे ना? दहाला आणि एकला प्रत्येक बोटीनं रेडिओवर हजेरी द्यायची. बोटीचं नाव तीनदा, जागा, माणसं किती. फोन तिकडं लागत नाही."

"माहीत आहे. प-प-"

"परीक्षा दिलीय तिनं रेडिओची," बॅरी म्हणाला. "परवानाही आलाय."

"परवान्याचं नाही रे. चॅनल एकच आहे. ही बटण दाबून अडकली की तेवढा वेळ सगळी खाडी मुकी. तिचा अंगठा सुटेपर्यंत कुणाला मधे बोलता येत नाही. मलासुद्धा नाही. त्यापेक्षा कुणालातरी बरोबर घे, तो बोलेल. त्यात बोटीचं नाव पिपी! नावच अडखळतं तुमचं." रॉस हसला. बॅरीही हसला.

नोएलीन हसली नाही. ती माइककडं बघत राहिली. कुणाला मधे बोलता येत नाही. साठ वर्षांत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"ए-एकटीच जाणार," ती म्हणाली. "नियमात बोलायला येणं लिहिलंय. भ-भरभर बोलायला येणं लिहिलेलं नाही. दाखव कुठंय ते."

रॉसनं अर्ज घडी करून खिशात घातला. "हजेरी चुकली तर बोट बाद," एवढं बजावून तो गेला.

स्पर्धेच्या दिवशी दहा वाजता क्लबच्या स्वयंपाकघरातून रॉसनं हजेरी सुरू केली. शेजारच्या खुर्चीत बॅरी होताच. एकेक बोट आपलं नाव उरकून गेली. पिपी शेवटी. नोएलीननं बटण दाबलं, एक श्वास थांबली, आणि प आला, तो येऊन बसला.

पूर्वी याच जागी कुणीतरी धावून येई. आता कुणीच आलं नाही. येऊच शकत नव्हतं. अंगठा तिचा होता. तिनं दुसरा शब्द शोधला नाही. बोटीला दुसरं नाव नव्हतंच. वीस सेकंद गेली असतील. मग पिपी बाहेर पडलं. दुसऱ्यांदा लवकर, तिसऱ्यांदा पुन्हा रखडत. तिनं बटण सोडलं.

पलीकडून "ऐकलं, जागा सांग" म्हणत रॉस यायला हवा होता. आला बॅरी.

"रॉस, लिहून घे, ती काळ्या खडकापाशी आहे, एकटी, सगळं ठीक. दरवर्षी तिथंच असते. चल, झालं एकदाचं!"

त्यानं बटण सोडताच तिनं दाबलं.

"ब-ब-बॅरी. म-माइक खाली ठेव." सगळ्या खाडीनं ऐकलं. कुणीतरी आपल्या बोटीत खो-खो हसलं असेल, हसो. "मी काळ्या खडकापाशी नाही. प-प-पांढऱ्या सुळक्याच्या पलीकडं आहे. इंजिन ब-बंद पडलं असतं तर तुम्ही चार मैल चुकीच्या जागी शोधत बसला असता. मी प-पिपी. पुन्हा सांगते."

आणि तिनं खरंच पहिल्यापासून सांगितलं. नाव तीनदा, सुळक्यापासूनचं अंतर, दिशा, पाण्याची खोली, माणसं एक. प्रत्येक अडखळ जागच्या जागी होती. चांगली दोन मिनिटं लागली. तेवढा वेळ चौदा बोटी गप्प.

बटण सुटल्यावर आता रॉसच आला.

"पिपी, काळा खडक खोडला," रॉस म्हणाला. "पांढऱ्या सुळक्यापलीकडं. माणसं एक. नोएलीन, एकच्या हजेरीला जरा थोडक्यात जमतंय का बघ. लोक खोळंबतात."

"नाही ज-जमणार," ती म्हणाली. "थ-थांबतील."

एकला पाच मिनिटं कमी असतानाच, रॉसनं वही उघडण्याआधी, साउंडभर सगळ्या बोटींवर या वेळी सगळ्यांत आधी एक अडलेला प ऐकू आला. सगळे थांबले.