पात्यांवरची नावं

विनाकारण जळणारा दिवा आणि माझे थोरले साडू एका छताखाली नांदल्याचं उभ्या सोलापूर जिल्ह्यात कुणी पाहिलेलं नाही. आमच्याकडे आले की आधी बटणं बंद करणार, मग चपला काढणार आणि मग अंधारातच 'बरं हाय ना सगळं?' म्हणून विचारणार. दुधनीच्या एका लग्नात भर दुपारी पेटलेले दिवे यांना बघवेनात. यांनी मेन स्विच खाली ओढला तो नेमका मंगलाष्टकांच्या वेळी. भटजींचा माईक गेला, व्हिडिओवाला बोंबलला, आणि हे मात्र शांतपणे अक्षता टाकत होते. उभा जन्म गिरणीत वायरमनकी केलेला माणूस, त्याला कोण काय बोलणार!

गेल्या उन्हाळ्यात हे आमच्या गल्लीच्या समाजमंदिरासाठी पेटून उठले. पत्र्याच्या घरांतली म्हातारी माणसं वैशाखात दुपारभर तिथंच येऊन पडतात. वीजबिल झेपेना म्हणून पंचांनी दुपारचं कुलूप लावायचं ठरवलं. "म्हातारी माणसं जायची कुटं?" एवढंच विचारून साडूभाऊ कामाला लागले. गच्चीला पांढरा चुना मारला, बुजवलेले झरोके उघडले, ट्यूबा बदलल्या. घोडं अडलं ते पंख्यांवर. पंखे जुने, वीज खाणारे, पण प्रत्येकाच्या पात्यावर कुणाच्या तरी कैलासवासी आजोबांचं नाव. फिरत्या पंख्यावर ते कुणालाच वाचता येत नाही, हा भाग वेगळा! पंखा काढायचा म्हटलं की अख्खं घर अंगावर यायचं. 'आमच्या आप्पांना खाली उतरवता व्हय?' असं एका म्हातारीनं विचारलं, तेव्हा यांनीही पक्कड परत खिशात घातली.

मग एका सकाळी यांनी शिडी लावली आणि पहिला पंखा उतरवला तो अक्कांचा. अक्का म्हणजे यांची बायको, माझी थोरली मेहुणी. त्या गेल्या त्या वर्षी यांनीच तो टांगला होता. खाली माणसं जमली. कमी विजेच्या नव्या पंख्यावर यांनी तेच नाव स्वतःच्या हातानं रंगवलं. दुसऱ्या दिवशी तीच म्हातारी येऊन म्हणाली, "आमच्या आप्पांना बी नवा बसवा की."

आठवड्यात सगळे पंखे बदलले. पुढचं बिल बघून पंचांनी कुलूप निमूटपणे कपाटात टाकलं. वैशाखभर दार सताड उघडं! पेढे वाटले, यांना हार घातला. मला तर इतका अभिमान वाटला की बायकोसमोर मी या माणसाचं तोंडभर कौतुक केलं.

परवा त्यांच्या घरी गेलो. खाटेच्या वर छताला अक्कांचा जुना पंखा कुरकुरत फिरत होता. म्हटलं, साडूभाऊ, हा लई वीज खातो की.

"खाऊ दे," ते वर बघत म्हणाले. "नवा काय बोलतच न्हाय."