छपरावर गोरखभाऊ, आत सविताताई

गोरखभाऊ छपरावर आणि त्यांची बायको सविताताई टीव्हीसमोर, अशी ही जोडी बेडशापासून खंडाळ्यापर्यंत तीस वर्षं हिंडत होती. भाऊ अँटेना तसूतसूनं फिरवणार आणि ताई आतून ओरडणार, "गेलं... थोडं मागं... आलं." घरोघरी डिश आल्या तेव्हा यांचा धंदा बसला असं आम्ही सगळेच म्हणत होतो. पण लोणावळ्याच्या पावसात डिश दिवसदिवस बंद पडते, आणि मुंबईच्या मनोऱ्यावरून साध्या अँटेनावर येणाऱ्या डिजिटल चॅनेलांना पावसाचं फारसं काही वाटत नाही. भाऊंना हे कळलं आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

अडचण एकच. मुंबई लांब, त्यामुळं घाटाच्या तोंडावरच्या आमच्या वाडीत सिग्नल जेमतेम पोहोचतो. जुन्या टीव्हीत सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी माणसं दिसायची. डिजिटलचा खाक्या वेगळा. चित्राचे चौकोन होतात, ते जागच्या जागी गोठतं, आणि आवाज मात्र कधीकधी शाबूत राहतो. टीव्हीला जोडायच्या बॉक्समध्ये सिग्नल दाखवणारी पट्टी असते, पण भाऊ तिच्याकडं ढुंकूनही बघत नसत. "पट्टी खोटं बोलंल, सविता न्हाई बोलायची," असं म्हणायचे. ताईंनी "आलं" म्हटलं की ते वरच नट आवळत, खाली येऊन सामान बांधत. आत जाऊन पडदा बघायची त्यांना कधी गरजच वाटली नाही.

या जुलैत मात्र त्यांचं काही जमेना. महिन्याभरात तीन घरांनी तक्रार केली की भाऊ गेले की टीव्हीवर नुसते चौकोन. भाऊ परत जात, बूस्टर बदलत, बांबू उंच करत, ताई पुन्हा "आलं" म्हणत, आणि संध्याकाळी पुन्हा तक्रार.

चौथं घर माझं. मी शाळेत बाई, त्यात तोंडाची फटकळ. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा मी सरळ सुनावलं, "भाऊ, आता होत नसेल तर सोडून द्या ना."

ते हसले नाहीत. "सारिकाताई, हितं जमलं न्हाई तर सोडनारच हाय. लोकं हासाय लागली."

मला वाईट वाटलं, पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. मी चहा टाकायला आत गेले.

पावसानं जरा उघडीप दिली होती. वर पत्रा वाजत होता. मी कप घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि ताईंपुढं धरला. त्यांनी हात पुढं केला तो कपाला लागला, चहा सतरंजीवर सांडला. "अहो, बघून धरा ना," मी खेकसले. तेवढ्यात टीव्हीकडं लक्ष गेलं. पडद्यावर बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ एकीकडं, हनुवटी दुसरीकडं, मधे हिरवे-जांभळे चौकोन. आवाज तेवढा स्वच्छ येत होता.

पक्कड खालीच राहिली म्हणून भाऊ शिडीवरून उतरून दारात आले होते, ताईंच्या अगदी समोर, चार हातांवर. ताईंनी मान वर केली आणि छपराकडं ओरडल्या, "आलं. एकदम स्वच्छ आलं. आता हालवू नगा."

भाऊ जागेवरच थांबले. त्यांनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. मग हात वर करून तिच्या डोळ्यांपुढून हळूच फिरवला. ताई छपराकडंच तोंड करून बसल्या होत्या.

"सविते, मी हितं हाय," भाऊ म्हणाले.

ताईंचं तोंड पांढरंफटक पडलं.

"कवापास्नं?" भाऊंनी विचारलं.

"दिवाळीपास्नं. मधोमध काळं दिसतं. कडंचं जरा दिसतं. ह्या पावसाळ्यात लईच वाढलं."

"आन बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी दुसरं कुनी आत बसवलं असतं," ताई म्हणाल्या. "मग मी दिसभर घरात काय करू?"

भाऊ उंबऱ्यावर बसले. "भाकरी करपायची म्हनून मी हिला वाट्टंल ते बोललो," ते मला सांगत होते, तिला नाही. "ताटात केस निघाला तर ताट सारलं." मला माझं ते "बघून धरा ना" आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मीच दोघांना तळेगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. ताईंना साखर आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. त्या साखरेनंच डोळे आतून खराब केले होते. उरलेली नजर इंजेक्शनांनी कदाचित टिकेल, गेलेली परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी आणलं असतं तर पुष्कळ वाचली असती, असंही म्हणाले. मग त्यांनी भाऊंना विचारलं, "इतके महिने घरात तुमच्या काहीच लक्षात आलं नाही?"

भाऊ टोपी हातात घेऊन उभे होते. ताईंनी त्यांचा सदरा धरून ठेवला होता.

"ती आलं म्हनायची सायेब," भाऊ म्हणाले. "मी कधी आत येऊन बगितलंच न्हाई."