तळातलं वजन

"बेंचवर नाही. फरशीवर बस. तू बॅलास्ट."

कप्तान सर मला म्हणाले. भर वर्गात. बोटीवर अधिकारी व्हायच्या परीक्षेत जहाजाच्या स्थिरतेचा पेपर भल्याभल्यांना रडवतो, आणि तो शिकवणारे महाडात हे निवृत्त कप्तान एकटेच.

चूक माझी होती. गुरुत्वमध्याची उंची जहाजाच्या तळापासून मोजायची. मी पाण्याच्या रेषेपासून खाली मोजली. आमची वाडी नदीला लागून. पुरात आम्ही पाणी वरूनच मोजतो, माळ्यापासून किती हात खाली आहे ते. ती सवय गणितात उतरली.

"कुठली गं तू?"

"कापड्याची."

"आडनाव?"

सांगितलं.

"म्हणजे बौद्धवाडी. गावाच्या खालच्या अंगाला." त्यांनी फळ्यावर जहाज काढलं, तळात खडू घासला. "हे बॅलास्ट. मुकं वजन. हे तळात राहतं म्हणून वरचे सरळ उभे राहतात. वर आणलं की जहाज कलंडतं. आपल्या पूर्वजांना हे गणित आधीच येत होतं."

वर्ग खदाखदा हसला. रोज माझ्या डब्यातली भाकरी खाणारी शेजारीणसुद्धा.

मी बसले. त्या दुमडलेल्या पायांचा मला अजून राग येतो. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर बॅगा होत्या. पुढे तर सांगावंही लागेना, मी आपली फरशी गाठायची.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "मुकाट बस गो. शिकून घे. मी नाय बसत पंचायतीत पायरीवर?"

आई निवडून आलेली सदस्य आहे. खुर्ची तिची, आणि ती पायरीवर! माझं डोकंच फिरलं.

सकाळी वर्गात गेले. बॅगा खाली ठेवल्या. बेंचवर बसले.

"खाली," सर म्हणाले.

"नाय बसत."

"मग बाहेर हो. परीक्षा कशी पास होतेस, बघतोच."

"बघा."

बाहेर पडले. एकटीने अभ्यास केला आणि स्थिरतेतच नापास झाले. सरांनी वर्गात पेढे वाटले म्हणे. खुशाल वाटू देत. मी पुन्हा देणार, पास होईपर्यंत देणार. आईलाही बजावलंय, पुढच्या सभेत खुर्ची ओढायची आणि बसायचं. कुणी ऊठ म्हणालं तरी उठायचं नाही.

तळातलं वजन वर आलं की जहाज कलंडतं, हे त्यांनीच शिकवलं. मी वर येणार.

कलंडू दे.